वर्कशॉपमधलं लग्न आणि चेतकवरची वरात

विंटेज लग्न म्हणलं की डेकोरेटरकडे एक ठरलेलं पॅकेज असतं. नुसता फोटोपुरता ग्रामोफोन, रंग खरवडून जुनी केलेली पत्र्याची ट्रंक, टाइपरायटर, आणि सगळे फोटो चॉकलेटी रंगात. हे विंटेज नक्की कुणाचं, कुठल्या सालातलं, असं विचारलं की समोरचा असा बघतो की आपण याद्यांच्या बैठकीत हुंड्याचा विषय काढलाय.

भाचीचं लग्न होतं, तुळशीचं लग्न उरकल्यावरचा मुहूर्त. जावयाचे आजोबा टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कातणारे. उमेदीची वर्षं किर्लोस्करवाडीत काढली, म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळरानावर जो कारखाना आणि गाव वसवलं तिथे, आणि नंतर पुण्यात येऊन हयातभर लेथवर उभे राहिले. त्यामुळे भाची-जावयाच्या डोक्यात बसलं की लग्न करायचं तर कारखान्यातच. ताई म्हणाली कर्वे रोडला एवढी कार्यालयं काय ओस पडलीत का. दाजी नेहमीप्रमाणे गप्प. आई म्हणाली, "तेलकट जागेत शालू नेसून बसणार कोण?" प्रश्न अगदी रास्त होता, सगळ्यात जास्त काम आम्हाला त्या तेलानेच लावलं. आणि मी नवरीचा मामा, त्यातून भोसरी एमआयडीसीत टूलरूममध्ये केस पांढरे केलेला माणूस, त्यामुळे जागेचं सगळं आपसूक माझ्याकडे आलं.

मुलांनी आधी राजाबहादूर मिलमध्ये चक्कर मारली होती. स्टेशनजवळची एकोणिसाव्या शतकातली कापड गिरणी, आता तिथे रेस्टॉरंट, गाण्यांचे कार्यक्रम, सगळं झकपक. जागा सुंदरच आहे, पण यांना न आवरलेलं काहीतरी हवं होतं. ते ओळखीतून मिळालं, शहराच्या पूर्वेला एक बंद पडलेलं वर्कशॉप. मालकांनी नाव-पत्ता कुठे टाकू नका म्हणून सांगितलंय तर टाकत नाही, कृपया कमेंटमध्ये विचारू नका.

आत पाऊल टाकलं आणि मी छपराकडेच बघत राहिलो. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली. जुन्या गिरण्या-वर्कशॉपना असं छप्पर काय उगाच हौस म्हणून नसायचं. वीज महाग किंवा नसायचीच, दिवसा कामगाराला धागा, माप नीट दिसलं पाहिजे पण थेट ऊन आत येऊन डोळ्यावर चमकायला नको, म्हणून उत्तरेचा उजेड. आपल्याकडे मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावरून जरासा उत्तरेला सरकतो तेव्हा थोडं ऊन आत येतं, पण थंडीत तो चांगलाच दक्षिणेला असतो आणि त्या काचांमधून नुसता मऊ, एकसारखा उजेड खाली उतरतो. फोटोग्राफर पोरगा दुपारी जागा बघायला आला आणि म्हणाला काका मी लाइट आणतच नाही. तिथंच ठरलं की लग्न दिवसाच. डेकोरेटरचं म्हणणं गोरज मुहूर्त घ्या, पिवळे बल्ब कसले भारी दिसतील. दिसतील हो, पण मग ते छप्पर कशाला, अंधारात बल्ब तर पार्किंगमध्येपण भारी दिसतात. गुरुजींनी दुपारी बारा चाळीसचा मुहूर्त काढून दिला आणि माझी बाजू पंचांगानेच सांभाळली.

खरं भांडण त्याच्या पुढचं. डेकोरेटरच्या डिझाइनमध्ये सगळ्या दगडी भिंतींना पडदे, वर फॉल्स सीलिंगसारखं झिरझिरीत कापड आणि मग त्या पडद्यांसमोर गंजलेल्या लोखंडासारखे दिसणारे फोमचे पॅनल. म्हणजे खरा गंज झाकायचा आणि खोटा गंज पुढे लावायचा आणि त्याचे पैसे घ्यायचे! मी म्हणलं, बाबा रे, जागा जुनी असली की तिला सजवायचं कमी आणि पुसायचं जास्त. भाचीने माझीच बाजू घेतली. तो रुसला, मग आला परत, सीझन होता ना.

कापड मात्र शेवटी लागलंच, पण वेगळ्या कारणाने. पत्र्याचं छप्पर, दगडाच्या भिंती, फरशी, म्हणजे एक टाळी वाजवली तर चार ऐकू येतात. तिथे माइकवर मंगलाष्टकं सुरू झाली असती तर पहिल्याचं "सावधान" दुसऱ्याच्या पहिल्या ओळीत मिसळलं असतं. साउंडवाला हुशार निघाला, त्याने मोठे स्पीकर नकोच म्हणून सांगितलं. छोटे बॉक्स, लोकांच्या जवळ, आवाज कमी, खाली सतरंज्या, आणि वर काहीतरी जाड कापड टांगा म्हणाला. मग लक्ष्मी रोडवरून मांजरपाटाची ठाणं आणली, न धुतलेला कोरा मांजरपाट, आणि वरच्या आडव्या लोखंडापासून सरळ खाली सोडली, झालर नाही, चुण्या नाहीत. भिंती दिसत राहिल्या, छप्पर दिसत राहिलं, आणि घुमणं इतकं कमी झालं की सनईवाला स्वतः येऊन म्हणाला इथे वाजवायला बरं वाटतंय.

आता तेल. जुन्या वर्कशॉपची जमीन वर्षानुवर्षं तेल प्यायलेली असते, वरून कोरडी वाटते, ओलं फडकं फिरवलं की तेल वर येतं. आम्ही टूलरूममध्ये तेल सांडलं की करायचो तेच केलं, लाकडाचा भुसा जाड पसरायचा, रात्रभर ठेवायचा, झाडून काढायचा, परत पसरायचा, मग कॉस्टिकच्या पाण्याने घासायचं (हातमोजे घालून, पोरांना हे ओरडून सांगावं लागतं). त्यानंतर मशीन काढून नेलेल्या जागचे फाउंडेशन बोल्ट. जमिनीतून बोटभर वर आलेले, गंजलेले, धारदार. नऊवारी नेसलेल्या करवल्या आणि बोल्ट ही जोडी नकोच. काही कापले, बाकीच्यांवर जाड प्लायचा प्लॅटफॉर्म टाकला. असल्या जागेत लग्न करणार असाल तर सजावटीच्या मीटिंगच्या आधी एकदा चपला काढून त्या जमिनीवर चालून बघा, सगळं कळतं.

आणि आग. यात मी कुणाचं ऐकलं नाही. मुंबईत लोअर परळला कमला मिल कंपाउंडमध्ये २९ डिसेंबर २०१७ ला रेस्टॉरंटला आग लागली, १४ माणसं गेली. जुन्या मिलच्या आवारात नवीन मौजमजा, वर तात्पुरतं छत, आणि बाहेर पडायच्या वाटांची बोंब. आमच्या लग्नात तर होम होता, म्हणजे आग मुद्दाम पेटवायचीच होती, आणि वर छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्या, त्यांच्यावर कित्येक वर्षांची धूळ नि जळमटं. अग्निशमन दलाच्या परवानगीचे कागद मालकांच्या माणसाबरोबर जाऊन केले, दोन्ही टोकांचे दरवाजे दिवसभर सताड उघडे ठेवले, एक्स्टिंग्विशर भाड्याने आणले आणि ते कुणाला वापरता येतात हे विचारून त्या-त्या माणसाला तिथे उभं केलं. पण होम कुठे? तर शेडच्या एका कोपऱ्यात लोहारकामाची जुनी भट्टी होती, विटांची, आणि तिच्यावर पत्र्याचं मोठं धुराडं थेट छपराबाहेर गेलेलं. मी धुराडं साफ करून घेतलं, पक्ष्यांची घरटी निघाली त्यातून, खाली कागद पेटवून बघितला तर धूर सुर्रकन वर. गुरुजींना भीत भीत विचारलं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, कंपास उघडला, नवरा-नवरीची तोंडं कुठे येतात ते पाहिलं, भट्टीला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, "अहो अग्नीचीच जागा आहे ही, अडचण काय?" लाजाहोम तिथेच झाला. एरवी कार्यालयात होमाच्या वेळी निम्मे लोक डोळे चोळत जेवायला पळतात, इथे धूर आपला शहाण्यासारखा धुराड्यातून जात होता.

वस्तूंचं म्हणाल तर खोटं काही आणायचं नाही असा भाचीचा नियम होता. बुधवार-रविवार भरतो तो जुना बाजार पालथा घातला, पितळी अडकित्ते, बरण्या, वजनकाटा, आणि एक वाजणारा ग्रामोफोन मित्राच्या घरून. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटं चालते, मग उठा, उलटी करा, सुई बदला, चावी द्या. या कामाला आम्ही एका चुलतभावाला बसवलं, त्याला लग्नात नाहीतरी मोबाइलवर बसायचं असतं. तांब्या-पितळेची मोठी भांडी तांबट आळीतून. कंदील ओगलेवाडीचे, कऱ्हाडजवळ ओगल्यांचा काचकारखाना होता त्यांचा प्रभाकर कंदील एके काळी घरोघरी असायचा, आमच्या आईकडे अजून एक आहे, बाकी नातेवाइकांनी माळ्यावरून काढून दिले. आणि काच म्हणाल तर इथे तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ सालचा, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभा केलेला. मला हेच म्हणायचं होतं डेकोरेटरला, की आपल्या इथे तासाभराच्या अंतरावर इतकं विंटेज पडलंय आणि तू आणतोस परदेशी टाइपरायटर.

सगळ्यात गाजली ती वरात. घोडा नको असं जावयाचं आधीपासून म्हणणं, विंटेज मोटार भाड्याने मिळते पण तिचे दर ऐकून दाजी पहिल्यांदा बोलले. मग माझी बजाज चेतक बाहेर काढली. आकुर्डीत तयार झालेली, नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबायला लागायचं त्या काळातली, आणि चेतक म्हणजे राणा प्रतापांचा घोडाच की, तेव्हा घोड्याची हौस पण फिटली. टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मापून घालायचं. गेटपासून शेडपर्यंतच जायचं होतं. जावई फेटा, मुंडावळ्या, उपरणं असा बसला, किक मारली, नाही. परत मारली, नाही. बँडवाले वाजवतायत, बायका ओवाळायला थांबल्यात, आणि त्याला काही सुचेना. तेवढ्यात त्याचे वडील पुढे आले, पोराला खाली उतरवलं, धोतर सावरलं, स्कूटर आडवी केली, धरली, सरळ केली आणि एका किकमध्ये फट् फट् फट् चालू! चाळिशीच्या पुढच्या यच्चयावत पुरुषांनी टाळ्या वाजवल्या, कारण प्रत्येकाने हे आयुष्यात कधी ना कधी केलेलं. विशीतली पोरं विचारत होती की आडवी का केली. पेट्रोल कार्बोरेटरकडे यावं म्हणून, असं सगळे सांगत होते.

जावयाकडून आजोबांच्या बरोबरीचे काही रिटायर्ड कामगार आले होते. शेडमध्ये वरती लाइन शाफ्ट अजून आहे, म्हणजे एका इंजिनावर फिरणारा लांबलचक दांडा, त्याला ओळीने पुल्या आणि प्रत्येक पुलीवरून एकेक पट्टा खाली एकेका मशीनला. डेकोरेटरने शोभा म्हणून काही पुल्यांवर जुने पट्टे चढवले होते. एक आजोबा बराच वेळ वर बघत उभे, मग त्या पोराला बोलावून म्हणाले, "हा पट्टा फुलीसारखा घातलायस, असा घातला की मशीन उलटं फिरतं, हे तुला पाहिजे का?" तो म्हणाला आजोबा काही फिरणार नाहीये. ते म्हणाले, "फिरणार नाही ते झालं, पण चुकीचं कशाला ठेवायचं?" शिडी मागवली, मुहूर्ताला अर्धा तास असताना पट्टा सरळ करून घेतला, आणि मगच चहा घेतला. मुहूर्ताला "वाजवा रे वाजवा" झालं तेव्हा सनई-ताशाबरोबर एकाने दाराशी टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोलपण दिले, पाळी सुटल्यावर द्यायचे तसे. त्याचं आधी काहीच ठरलं नव्हतं.

जेवण पंगतीचं, केळीच्या पानावर, अळूची भाजी, मसालेभात, जिलबी, मठ्ठा, याबद्दल काय वेगळं लिहायचं, चांगलंच होतं. खर्चाबद्दल मात्र सांगतो कारण सगळे तेच विचारतायत. जागेचं भाडं कार्यालयापेक्षा कमी. पण कार्यालयात खुर्च्या, भांडी, संडास-बाथरूम, पाणी, नवरीच्या खोलीचा आरसा हे सगळं भाड्यात असतं. इथे आरसापण आपणच न्यायचा. फिरते टॉयलेट, पाण्याचे टँकर, जनरेटर, जुनं वायरिंग वापरायचंच नाही म्हणून नवीन केबल, सफाईची माणसं, असं करत करत बेरीज कार्यालयाच्या वर गेली. भिंतीत एकही खिळा नाही ही मालकांची अट, चुन्याच्या दर्जा (दगडांमधले सांधे) आहेत, त्यात ड्रिल घातलं की भगदाड पडतं, म्हणून सगळं गर्डरला क्लॅम्पने. डिपॉझिट पूर्ण परत मिळालं.

डेकोरेटरचं बिल आलं त्यात एक ओळ होती, "अँटिक रस्टिक इफेक्ट". फोमचे पॅनल तर आम्ही लावूच दिले नव्हते. ताईने बिल समोर ठेवून त्याला विचारलं की भिंतींना गंज तू आणलास की पावसाने? त्याने पेन घेऊन स्वतःच ती ओळ खोडली आणि विचारलं, फोटो पोर्टफोलिओला टाकले तर चालतील ना?