एडी ॲडम्स आणि एका कॉलमातली नाव

अमेरिकी वृत्तछायाचित्रकार एडी ॲडम्स यांच्या कारकिर्दीवरचा लेख रविवार पुरवणीसाठी आला, तेव्हा कोणते छायाचित्र मोठे जाणार याबद्दल आमच्या विभागात कोणालाच शंका नव्हती. १ फेब्रुवारी १९६८ रोजी सायगावच्या भररस्त्यात दक्षिण व्हिएतनामचे पोलीसप्रमुख न्गुयेन न्गोक लोआन एका व्हिएतकाँग (दक्षिण व्हिएतनामच्या सरकारविरुद्ध लढणारे कम्युनिस्ट गनीम) बंदिवानाच्या डोक्यात गोळी झाडतात, तो हा क्षण. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी टिपलेल्या या छायाचित्राने ॲडम्स यांना १९६९ चे पुलित्झर पारितोषिक मिळवून दिले.

पान लावताना जागेसाठी डाव्या कडेचा, चेहरा आक्रसलेला सैनिक कापला गेला होता. तो मी परत आणवला, कारण त्याला वगळले की उरते ते केवळ दोघांमधले प्रकरण, आणि तो असला की हे पाहून कोणाच्या तरी अंगावर काटा आला होता हे दिसते. फोटोओळीत तर लोआन यांना ‘अमेरिकी अधिकारी’ करून टाकले होते. अतिपरिचित छायाचित्रांची फोटोओळ आमच्याकडे कोणी तपासत नाही.

माझा आग्रह मात्र दुसऱ्याच छायाचित्रासाठी होता. लोआन १९९८ मध्ये वारले, तेव्हा ॲडम्स यांनी लिहिले की जनरलने त्या माणसाला मारले आणि आपण कॅमेऱ्याने जनरलला. आपली ओळख १९७७ मध्ये थायलंडजवळ टिपलेल्या व्हिएतनामी निर्वासितांच्या नावेवरून राहावी, असे त्यांना वाटे. त्या नावेतली मुलेसुद्धा हसत नव्हती. नावेच्या या छायाचित्रमालिकेला वृत्तछायाचित्रणाचे रॉबर्ट कापा सुवर्णपदक मिळाले, आणि सुमारे २ लाख निर्वासितांना अमेरिकेत प्रवेश देण्याच्या निर्णयात तिचा वाटा मानला जातो.

मोठ्या वादानंतर नावेला तीन कॉलम मिळाले, पण पान सोडण्याच्या वेळी जाहिरात आली आणि नावेचा एकच कॉलम झाला. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते. एवढ्या आकारात गर्दीतल्या चेहऱ्यांचे डोळे बुजतात, काळे ठिपके तेवढे उरतात. पिस्तुलाला तसा धोका नसतो, ते टपाल तिकिटाएवढे छापले तरी ओळखू येते. सोमवारी वाचकांचे जे फोन आले, ते सगळे त्याच छायाचित्राबद्दल होते. ज्या छायाचित्राचा सारा अर्थ चेहऱ्यांत आहे, त्यातले चेहरेच दिसणार नसताना ते नावेचे छायाचित्र पानावर ठेवणे योग्य होते की ते काढून त्याबद्दल केवळ मजकुरात सांगणे, यावर माझे आणि पुरवणी संपादकांचे अजूनही एकमत झालेले नाही.