किती वर्षांची घेऊ?

पुण्यामुंबईहून कुणी ग्लासगोला आलं की परतीच्या आदल्या दिवशी विचारतंच, "सिंगल माल्ट न्यायची आहे, किती वर्षांची घेऊ?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो. वर्षं नंतर बघा, आधी अल्कोहोलचा टक्का बघा.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत नुसत्या मोड आणलेल्या बार्लीपासून बनवलेली व्हिस्की. स्कॉच, म्हणजे इथली स्कॉटलंडची व्हिस्की, ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरावी लागते आणि बाटलीत निदान 40 टक्के असावी लागते. बऱ्याच बाटल्या 40-43 वरच थांबतात. एवढं पाणी घातलेली व्हिस्की थंडीत गढुळते, म्हणून ती आधी थंड करून गाळतात. त्यात तिचा स्निग्धपणा थोडा जातो. वर कॅरॅमलचा रंग घालायलाही परवानगी आहे, तेव्हा गडद दिसली म्हणून जास्त पैसे मोजू नका. 46 टक्के किंवा वर, थंड करून न गाळलेली, रंग न घातलेली, एवढं लेबलावर दिसलं की मी दहा वर्षांचीही आनंदाने उचलतो. कितीदा तरी वापरून थकलेल्या पिंपात अठरा वर्षं काढलेली माल्ट तिच्यापुढे फिकी पडू शकते.

माझी लाडकी डीन्स्टन 12, म्हणजे बारा वर्षांची, 46.3 टक्क्यांची. टीथ नदीकाठची ही डिस्टिलरी म्हणजे 1785 ची कापडगिरणी. 1965 मध्ये गिरणी बंद पडली आणि त्यानंतर तिथे माल्ट बनू लागली. बाबांना मी मुद्दाम तिथे नेलं होतं. त्यांची उमेदीची वर्षं मुंबईत लालबागच्या कापडगिरणीत गेली. कमानदार छताच्या गोदामात शिरताच ते थबकले आणि म्हणाले, "अरे, हे साचाखातं!" खरंच, 1836 ची विणकामाची शेड होती ती. साच्यांच्या जागी आता पिंपं. त्यांनी एका पिंपावर हात ठेवला, बराच वेळ.

व्हिस्कीत धुराचा वास आवडत असेल तर आयला बेटावरची आर्डबेग 10 घ्या, नसेल तर ॲरन 10. दोन्ही 46 टक्क्यांच्या. भारतात माणशी दोन लिटर करमाफ नेता येते, म्हणजे 700 मिलीच्या दोन बाटल्या आरामात बसतात.

घरी गेल्यावर पहिला पेग बर्फाशिवाय ओता. नुसता वास घ्या, मग एक घोट, मग चमच्याने चार थेंब पाणी. डीन्स्टनमध्ये मला तेव्हा मध लागतो, आणि त्यामागून भाजलेल्या धान्याचा वास येतो. पुढे बर्फ घातलात आणि ग्लास धुरकट झाला तर बाटली खराब निघाली असं समजू नका. न गाळता ठेवलेलं तेच तर आहे ते.