वाफ्यांना जिवंत कड

मालवणात आमच्या परड्यातल्या वाफ्यांना पूर्वी चिऱ्यांचे तुकडे लावलेले असायचे. आता सगळी कड झाडांची आहे आणि मला तीच आवडते.

उताराच्या बाजूला गवती चहा. ७ जूनच्या सुमारास मिरग लागला की जुना ठोंब उपटायचा, फुटवे वेगळे करायचे, पाती वीतभर ठेवून छाटायची आणि दीड-दीड फुटावर लावायचं. मुळांचं दाट जाळं लाल माती धरून ठेवतं. आपल्याकडच्या पावसात हे फार मोलाचं. पात्याची धार मात्र बोट कापते, उलटा हात फिरवू नका. सकाळच्या चहाला दोन पाती तिथूनच येतात.

वांग्या-टोमॅटोच्या वाफ्याला झेंडू. मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी त्याने कमी होतात, शिवाय दसऱ्याचं तोरण घरचंच. वाटेकडेला, माडाच्या विरळ सावलीत अबोली, कारण आईला वळेसाराला, म्हणजे केसांत माळायच्या गजऱ्याला, फुलं लागतात.

पुदिना कडेला लावूच नये. तो जमिनीलगत धावत सुटतो आणि वाफा गिळतो; त्याला कुंडीच बरी. पाऊस ओसरला की त्या जागी लाल माठाची ओळ पेरा. महिन्याभरात भाजीला येतो, आणि तोवर हिरव्या वाफ्याला काय सुरेख काठ दिसतो!