क्लच दाबला, गाडी थांबलीच नाही

ट्रॅक्टर मी तेराव्या वर्षापासून चालवतो. औसा तालुक्यातलं आमचं गाव, काळं रान, आणि घरात मी एकटाच पोरगा. नांगरट, पाळी, सोयाबीनचे कट्टे घरी आणणं, सगळं मी करायचो. पाय पुरत नव्हते तेव्हा सीटच्या कडेवर टेकून उभ्यानं चालवायचो आणि ते शाळेत रंगवून सांगायचो.

हे बंद झालं ते चुलत्यामुळं. ते तालुक्याला वकिलाकडं कारकून आहेत. एकदा मी ट्रॉली जोडून डांबरीवरनं येताना त्यांनी बघितलं आणि रात्री अण्णांना कायदा वाचून दाखवला. २०१९ च्या दुरुस्तीपासून पोरगं अठराच्या आत रस्त्यावर गाडी चालवताना सापडलं तर दोषी आईबाप. २५,००० रुपये दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. आणि पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. अण्णा कैदेला भ्याले नसावेत, पण शेवटचं ऐकून माय म्हणाली, "म्हंजे लग्नात नवरदेवाला दुसऱ्यानंच न्यायचं का?" चावी पत्र्याच्या पेटीत गेली, ती मी अठराचा होईपर्यंत बाहेर आली नाही.

लायसनचं फार सांगण्यासारखं नाही. शिकाऊ लायसन आधार नंबरावर घरी बसूनच निघालं. मोबाईलवर १५ प्रश्न, ९ बरोबर यावे लागतात. मग महिनाभर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसलो, कारण शिकाऊला शेजारी पक्कं लायसनवाला माणूस लागतोच. लातूरला आरटीओत परीक्षा झाली. गाडी पुढं नेली, मागं घेतली, वळवली. चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळ गेला. मला वाटलं, झालं.

अण्णांना वाटलं नाही. जुनी एमएच २४ पाटीची गाडी दारात येऊन उभी होती, पण हात लावू देईनात. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की लातूरला एक ड्रायव्हिंग स्कूल नव्या लायसनवाल्या पोरांसाठी चार रविवारांचा वेगळा कोर्स घेतं. गाडी चालवायची नाही, सांभाळायची शिकवतात म्हणे. फी अडीच हजार. मी म्हणालो, "अण्णा, तेवढ्यात चार टायरांची हवा-पंक्चर वर्षभर निघंल." ते म्हणाले, "टायर दुसरे मिळत्यात." पुढं बोलणं झालं नाही.

शिकवणारे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. सगळे त्यांना मामा म्हणायचे. एमआयडीसीतला मोकळा प्लॉट, फक्कीनं मारलेल्या रेघा, प्लॅस्टिकचे शंकू आणि पाण्याचा टँकर. आम्ही सहा जण, त्यात दोन मुली. पहिला तासभर गाडी चालूच केली नाही. नुसतं बसायला शिकवलं. पाठ टेकवून हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वर टेकलं पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, नाहीतर ऐनवेळी जोर लागत नाही. पट्टा पोटावरून नाही, कमरेच्या हाडावरून. मी आजवर ट्रॅक्टरवर बसल्यासारखाच कारमध्ये बसत होतो, पुढं वाकून, एका हातानं. मामा म्हणाले, "पंगतीला बसलास का?"

मग ब्रेक. कडब्याच्या दोन पेंड्यांना जुना सदरा घालून उभं केलेलं. चाळीसच्या वेगानं यायचं, मामांनी शिट्टी मारली की ताकद लावून थांबायचं. माझा नंबर आला. शिट्टी झाली, आणि मी सदऱ्यासकट पेंड्या उडवून पलीकडं जाऊन थांबलो.

मला कळेचना. पाय तर दाबला होता. मामा शेजारीच होते, त्यांच्या बाजूलाही ब्रेक असतो, पण त्यांनी मुद्दाम लावला नव्हता. त्यांनी विचारलं, "आधी कुठला पाय दाबलास?" मी आठवून बघितलं. डावा.

"ट्रॅक्टर चालवतोस ना?"

एवढ्यावरून त्यांनी ओळखलं. रानात ट्रॅक्टर पहिल्या-दुसऱ्या गियरात, मागं नांगर मातीत रुतलेला. क्लच दाबला की तो जागच्या जागी उभा राहतो, कारण थांबवायला माती असते. पाच वर्षं माझ्या अंगात हेच बसलेलं, की थांबायचं म्हणजे डावा पाय. कारमध्ये क्लच दाबला की इंजिनचा चाकाशी संबंध सुटतो, गाडी उलट मोकळी पळते. ब्रेकवर माझा पाय गेला तो उशिरा आणि भीत भीत. तेसुद्धा ट्रॅक्टरचंच. तिथं डावा-उजवा असे दोन ब्रेक, बांधावर वळताना एकच दाबायचा, आणि रस्त्यावर येताना दोन्ही खिट्टीनं जोडायचे. ती खिट्टी मी कधी लावली होती का, हे मला त्या प्लॉटवर उभं राहूनही आठवेना. भरल्या ट्रॉलीनिशी एकच ब्रेक लागला असता तर काय झालं असतं, हे मी अजून घरी बोललेलो नाही.

दिवसभर मी तेच केलं, निदान वीस वेळा. ब्रेक जोरात दाबला की एबीएस नावाच्या ब्रेकमधल्या यंत्रणेमुळं पायाखाली थरथरतं, खरखर आवाज येतो. आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकानं पहिल्यांदा घाबरून पाय काढला, काहीतरी मोडलं म्हणून. मामांचं सांगणं, थरथरलं की अजून दाबा, सोडू नका, आणि स्टिअरिंग फिरवा, ते फिरतं. चाकं जाम झाली तर गाडी वळत नाही, घसरत सरळ जाते. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. टँकरनं पाणी मारल्यावर हे डोळ्यांना दिसलं. पण त्यांनी हेही बजावलं की मुरमावर, खडीवर एबीएसची गाडी उलट लांब जाऊन थांबते. आमच्याकडं निम्मे रस्ते तसलेच.

टेप लावून मोजायचं काम मुलींकडं होतं. कोरड्यावर वीसच्या वेगाला ब्रेक लागल्यापासून अडीच-तीन मीटर. चाळीसला दहाच्या पुढं. वेग दुप्पट, अंतर चौपट. शिवाय माणसाला दिसून पाय हलेपर्यंत एक सेकंद तरी जातोच, आणि साठच्या वेगाला त्या एका सेकंदात सतरा मीटर. रेणापूरच्या मुलीनं तिथंच हिशेब करून सांगितलं की साठला पाच सेकंद मोबाईल बघितला तर ऐंशी मीटरच्या वर गाडी आंधळी चालते. सगळ्यांनी मोबाईल खिशात घातले, दहा मिनिटांसाठी.

दुसऱ्या रविवारी शेजारच्या गोदामात लागलेल्या ट्रकच्या सीटवर एकेकाला बसवलं. बाकीचे खाली उभे. "आरशात बघून सांग, किती जण हायत?" मला दोन दिसले. होते पाच. एक डाव्या दारालगत, एक बंपरला चिकटून, एक बरोबर मागं. लातूरला बारावीच्या क्लासला जाताना मी मित्राच्या स्कुटीवर मागं बसून ट्रकच्या डाव्या अंगानं किती वेळा घुसलोय! ट्रकवाल्याला आम्ही तिथं नव्हतोच.

तिसऱ्या रविवारी अंतर ठेवायला शिकवलं. पुढची गाडी एखाद्या किलोमीटरच्या दगडापाशी गेली की सावकाश, बोलल्यासारखं "ज्ञानबा तुकाराम" म्हणायचं. तीनदा म्हणून होईपर्यंत आपण त्या दगडाशी पोचता कामा नये. रात्री किंवा पावसात पाच वेळा. मामांनी बसमध्ये आयुष्यभर हेच केलं म्हणे. मी विचारलं, मध्येच कुणी घुसलं तर? "मग पुन्हा पहिल्यापासून म्हण. देवाचं नाव वाया जात नसतंय."

शेवटचा वर्ग रात्रीचा. समोरच्याचा प्रखर झोत आला की त्यात बघायचं नाही, डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवायची. आणि हंगामात उसाचा ट्रॅक्टर गृहीत धरायचा. दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असलं तर चिखलानं माखलेलं, आणि बाहेर लोंबणारं वाढं. तुमच्या दिव्याच्या टप्प्यात जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग. मला इथं बोलायचं होतं, कारण तसली ट्रॉली आमच्याच दारात उभी होती. घरी गेल्यावर पहिलं काम ते केलं, लाल पट्टी आणून चिकटवली. अण्णांनी काही विचारलं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी दिव्याच्या वायरीला हात घातला.

गाडीची चावी मिळाली ती जानेवारीत. लातूरहून रात्री परत येताना अण्णा शेजारी. औशाच्या अलीकडं पुढं एक काळा ढीग हलताना दिसला, ऊसच होता. पाय उचलला, मागं राहिलो, समोरून झोत येत होते म्हणून ओव्हरटेकचा विचार सोडला. दगड गेला.

अण्णा माझ्याकडं बघायला लागले. "काय पुटपुटायलास?"

"ज्ञानबा तुकाराम."

"मी एवढा भ्यालो नाही अजून," म्हणाले, आणि पट्टा ओढून नीट कमरेवर घेतला.