वरच्या आळीचे १४ कोरडे नोड

गावच्या नळपाणी योजनेचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढायचा आणि तेच जाळं इपानेटमध्ये, म्हणजे पाइपांतला प्रवाह आणि दाब काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवून बघायचं, हे काम पावसाळ्यापासून चालू आहे. गेल्या रविवारी पहिल्यांदा सगळं जाळं एकत्र चालवलं. खालची आळी, पेठ, शाळेकडची लाइन, सगळीकडे दाब ठीकठाक. वरच्या आळीतले १४ नोड (पाइप जिथं जुळतात किंवा संपतात ते बिंदू) मात्र ‘डिस्कनेक्टेड’, आणि त्यांच्यापुढे दाबाचे भलेमोठे ऋण आकडे. त्या आळीला रोज सकाळी पाणी येतं, आमचं घरच तिथं आहे. तेव्हा चूक नकाशात होती, हे उघड होतं. ती शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. स्नॅपिंगबद्दल, म्हणजे रेष काढताना कर्सर जवळच्या रेषेला किंवा बिंदूला आपोआप चिकटण्याबद्दल, एवढं काही आधी कळलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो.

नकाशात दोन रेषा टेकलेल्या दिसतात म्हणून इपानेट त्यांना जोडलेलं मानत नाही. त्याच्या फाइलीत प्रत्येक पाइपासमोर सुरुवातीच्या आणि शेवटच्या नोडचं नाव असतं, मग लांबी, व्यास वगैरे. नोडच्या जागेचे निर्देशांक वेगळ्या भागात असतात आणि ते फक्त चित्र काढण्यापुरते. क्यूजीआयएसमधून निर्यात करताना रेषांची टोकं अगदी एकाच बिंदूवर असली तरच एक सामाईक नोड तयार होतो. दोन टोकांत ४ सेंटिमीटरचं अंतर असलं तरी दोन नोड होतात, आणि पाणी तिथंच थांबतं.

मी सुरुवातीला टोलरन्स, म्हणजे किती अंतरावरून कर्सर चिकटावा ती मर्यादा, १२ पिक्सेल ठेवला होता, तो मुळात तसाच असतो. पिक्सेल जमिनीवर किती भरतो हे झूमवर अवलंबून असतं, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. ९६ डीपीआय (इंचाला ९६ पिक्सेल) धरून गणित केलं: १:५०० ला १२ पिक्सेल म्हणजे साधारण १.६ मीटर, १:२५०० ला जवळपास ८ मीटर, आणि १:५००० ला १६ मीटर. आमच्या मुख्य रस्त्यात जुनी एसी (अॅस्बेस्टॉस सिमेंटची) लाइन आणि नवीन एचडीपीई (प्लास्टिकची) लाइन शेजारी शेजारी आहेत, मध्ये जेमतेम दोन मीटर. वरच्या आळीचा फाटा मी बाहेर झूम करून काढला होता, आणि तो जुन्या लाइनला चिकटला. जुनी लाइन टाकीजवळ तोडलेली आहे. मग आळी कोरडी पडणारच.

कर्सर तर नवीन लाइनच्या अगदी जवळ होता, मग जुनी का पकडली? व्हर्टेक्स (रेषेवरचा बिंदू) आणि सेगमेंट (दोन बिंदूंमधला तुकडा) दोन्हीला स्नॅप चालू असेल तर क्यूजीआयएस व्हर्टेक्सला प्राधान्य देतो, सेगमेंट त्याहून जवळ असला तरी. जुन्या लाइनला तिथं वळणाचा एक व्हर्टेक्स होता, नवीन लाइन सरळ गेलेली. हे समजल्यावर बसवलेली व्यवस्था अशी: प्रकल्प यूटीएम ४३ उत्तर पट्ट्यात (म्हणजे मापं मीटरमध्ये), टोलरन्स मॅप युनिटमध्ये अर्धा मीटर, अॅडव्हान्स्ड कॉन्फिगरेशनमध्ये बंद लाइनींच्या लेयरचं स्नॅपिंग काढून टाकलेलं, आणि काढताना झूम १:२००. त्या झूमला अर्धा मीटर म्हणजे नऊ-साडेनऊ पिक्सेल, हाताला सोयीचं. प्रकल्प अक्षांश-रेखांशात असेल तर मॅप युनिट म्हणजे अंश होतात हे विसरू नका. तिथं ०.५ लिहिलं तर पकड पन्नासेक किलोमीटरची होईल.

फाटा नवीन लाइनवर आणला, तरी १४ नोड कोरडेच. आता अडचण टीची, म्हणजे मुख्य लाइनला फाटा फुटतो त्या जोडाची, होती. टोपोलॉजिकल एडिटिंग (एका रेषेवर टेकवलेला बिंदू त्या रेषेतही घालणारी सोय) चालू असल्यामुळे मुख्य लाइनवर त्या जागी व्हर्टेक्स आला होता, पण लाइन दुभंगलेली नव्हती. इपानेटच्या लेखी मधला व्हर्टेक्स म्हणजे नुसतं वळण, तिथून फाटा फुटत नाही. टी असेल तिथं मुख्य लाइनचे दोन पाइप करावेच लागतात. तरी टोपोलॉजिकल एडिटिंग बंद करू नका. सेगमेंटवर स्नॅप केलेला बिंदू दशांशांच्या गोळाबेरजेत रेषेपासून केसभर बाजूला पडू शकतो. दोन्ही रेषांत तोच व्हर्टेक्स असला की मागाहून तोडताना टोकं बरोबर जुळतात.

हे सगळे टी एका दमात तोडावेत म्हणून ‘स्प्लिट विथ लाइन्स’ चालवलं, आणि ते अंगाशी आलं असतं. मारुतीच्या देवळापुढे विहिरीकडून टाकीत पाणी चढवणारी रायझिंग मेन वितरणाच्या लाइनला आडवी जाते. नकाशावर ती फुली दिसते, जमिनीत दोन्ही लाइनी वेगवेगळ्या खोलीवर आहेत. ते अवजार दोन्ही तोडून चार टोकं एका बिंदूत आणतं, म्हणजे टाकी चुकवून पंपाचं पाणी थेट नळांना. आता रायझिंग मेन स्वतंत्र लेयरमध्ये आहे आणि इंटरसेक्शनवरचं स्नॅपिंग कायमचं बंद.

कुठं फुली आणि कुठं जोड, हे स्क्रीनवरून ठरत नाही. पाणी सोडणाऱ्या तात्यांना घेऊन शनिवारी सकाळी फिरलो. पिंपळापाशी मी एक टी दाखवला होता. तात्या म्हणाले, “तिथं नाही रे बाबा, टी पुढं चेंबरात आहे. इथनं नुसती लाइन गेलीय.” मोबाइलच्या जीपीएसने घेतलेला तो बिंदू चार मीटर चुकला होता. चेंबरपासून टेप लावून मोजलं आणि टी तिथं हलवला. त्या वेळी तात्यांनी आणखी दोन वॉल्व्ह दाखवले, ते कुठल्याच कागदावर नाहीत.

उरलेल्या फटी शोधायला केलेली तपासणी: सगळ्या रेषांची पहिली आणि शेवटची टोकं वेगळी काढली, तंतोतंत एकसारखे बिंदू काढून टाकले, आणि उरलेल्यांवर अर्ध्या मीटरचं डीबीस्कॅन (जवळजवळच्या बिंदूंचे गट पाडणारी पद्धत) लावलं, गटात किमान दोन बिंदू. जो गट सापडतो तिथं टोकं जवळ आहेत पण जुळलेली नाहीत. सहा जागा निघाल्या. ‘स्नॅप जिओमेट्रीज टु लेयर’ने एका झटक्यात बसल्या असत्या, पण त्याने वॉल्व्हजवळचे आखूड तुकडेही गोळा होतील अशी भीती वाटली, म्हणून सहाही हाताने जुळवल्या.

काल रात्री पुन्हा चालवलं. १४ नोड जागेवर आले. आमच्या घराजवळच्या नोडला सकाळच्या वेळी ९ मीटर दाब (९ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका) दाखवतोय. पुढच्या रविवारी प्रेशर गेज आणून नळालाच लावून बघणार आहे, आकडे कितपत जुळतात ते पुढच्या नोंदीत.