गंडगायची जूनमधली संध्याकाळ

आमच्या गावाचं नाव गंडगाय. सांगलीत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मामा म्हणाला, कुठली गाय गंडली गं? तर सिडनी-मेलबर्न हायवेलगत, मरमबिजी नदीकाठी, जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव, नर्सची नोकरी लागली म्हणून आले आणि इथलीच झाले.

दर जूनमध्ये 1852 च्या पुराची तारीख आली की आम्ही इतिहासाची हौस असलेली मंडळी हॉलमध्ये जमतो. आधी विराजुरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, भूमीला वंदन, मग मागच्या सभेचा वृत्तांत, मग खजिनदारांचा हिशोब. हिशोब दरवर्षी बरोबर असतो आणि हीटर दरवर्षी बंद, बाकी त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग आमचे रिटायर्ड शेतकरी आजोबा उठतात. भाषण दरवर्षी तेच, मला पाठ झालंय, तरी पोटात कालवतंच. 1838 ला नदी आणि ओढ्याच्या मधल्या सखल जागेवर गाव आखलं, विराजुरी लोक सांगत होते की इथं पाणी चढतं, पण ऐकतो कोण. 1852 च्या 24 जूनच्या रात्री नदी गावात शिरली. अडीचशेच्या आसपास वस्ती, त्यातले निदान 78 गेले, लोक छपरांवर नाहीतर झाडांवर. आणि तेव्हा यारी नावाचा विराजुरी माणूस झाडाच्या सालीची होडी घेऊन त्या पाण्यात उतरला, जॅकी जॅकी नावाचा दुसरा विराजुरी वल्ह्यांची बोट घेऊन. जॅकी जॅकीने 20 जण आणले आणि यारीने... इथं आजोबा थांबतात, चष्मा काढतात, रुमाल कुठल्या खिशात ते सापडत नाही, आणि मग हळूच म्हणतात, 49.

2019 च्या पुरात आई सांगलीहून रोज फोनवर सांगायची, आयर्विन पुलापाशी आज इतके फूट झालं. त्यानंतरच्या भाषणात आजोबा रुमाल शोधायला लागले तेव्हा मीच माझा दिला.

एका वर्षी शाळेतल्या पोरांनी सालीची होडी बनवून आणली. टबात सोडली, माझ्या वड्यांसाठीचा एक बटाटा आत ठेवला तर तरंगली, दुसरा ठेवला की कलंडली. म्हणजे एकेका माणसाला आणायचं, परत जायचं, अंधारात, ओंडके वाहत येणाऱ्या पाण्यात. हॉलमध्ये चहाचे कपसुद्धा वाजेनात.

पुढच्याच वर्षी पाणी आणखी वर आलं, तेव्हा कुठं गाव टेकडीकडे सरकलं. यारीला गळ्यात घालायचा ब्राँझचा बिल्ला मिळाला आणि गावकऱ्यांकडे सहा पेन्स मागायची मुभा. मुभा म्हणे! शेरिडन स्ट्रीटवर दोघांचा पुतळा उभा राहायला 2017 साल उजाडलं.

आता जरा मनातलं बोलते. सिडनीचे आपले मराठी लोक मेलबर्नला जाताना हायवेवरच्या त्या डब्यावर बसलेल्या कुत्र्यापाशी थांबतात. 1932 चा पुतळा, पंतप्रधान लायन्स यांच्या हस्ते उद्घाटन झालेलं, छानच आहे, माझं कुत्र्याशी काही भांडण नाही. पण तिथून सेल्फी पाठवायचा, "तुझ्या गावाजवळ आहोत गं", आणि पुढचे आठेक किलोमीटर येऊन गावात शिरायचं नाही! गेल्या वर्षी सभेला आम्ही 23 जण होतो. गावातली तरुण पोरं फुटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, मॅचला, त्यांना काय बोलणार.

पण जे येतात ते मनापासून. खुर्च्या लावणारे बापलेक, स्कोन करणाऱ्या दोघी बहिणी (एकीच्या जास्त हलक्या असतात, कुणाच्या ते सांगत नाही), जुने फोटो मोठे करून आणणाऱ्या लायब्ररीच्या बाई, माइकवाला, लॅमिंग्टन फुकट देणारे बेकरीवाले, आजोबांना गाडीतून आणणारी त्यांची नात, माझे वडे जास्त तिखट म्हणत चार खाणारे खजिनदार. भांडी घासणारे माझे अहो राहिले, ते नाव घेतलं नाही तर घरी बोलतील. आणि हो, हॉलची किल्ली सांभाळणाऱ्या समोरच्या आजी, त्या दरवर्षी राहून जातात, मागच्या वर्षी त्यांनी माझ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं होतं.