कवी वारले कधी?

वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त जुन्या मराठी कवितांचं एक छोटं पुस्तक काढायचं ठरलं आणि परवानग्यांचं काम माझ्या गळ्यात पडलं. समितीत बहुतेकांचं म्हणणं, "पानं पिवळी पडलीत, आता कोण विचारतंय? छापा." पण पानांच्या रंगावर काही नसतं. कवी कोणत्या साली वारले ते बघायचं आणि पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. तोवर कॉपीराइट, म्हणजे छापायला परवानगी हवी; मुदत संपली की लेखन सगळ्यांना मोकळं.

मी एक वहीच घातली. केशवसुत १९०५, बालकवी १९१८, प्रश्नच नाही. माधव जूलियन १९३९. तेव्हाची मुदत ५० वर्षांची, म्हणजे १९८९ अखेरच मोकळे. भा. रा. तांब्यांपाशी मात्र गंमत झाली. तांबे गेले १९४१ ला, रवींद्रनाथही त्याच वर्षी. १९९१ संपलं की रवींद्रनाथांचं लेखन कुणालाही छापता येणार, म्हणून डिसेंबरच्या अगदी शेवटी सरकारने वटहुकूम काढून मुदत ६० वर्षांवर नेली. रवींद्रनाथांच्या पुण्याईवर आमच्या तांब्यांनाही दहा वर्षं वाढवून मिळाली!

कुसुमाग्रजांवरून वाद झाला. एकजण म्हणाले, टोपणनाव असलं तर प्रकाशनापासून ६० वर्षं. नियम खरा आहे, पण लेखक कोण हे गुलदस्त्यात असेल तरच. शिरवाडकर कोणाला ठाऊक नाहीत? त्यांचे हक्क २०५९ अखेरपर्यंत, बोरकरांचे २०४४ पर्यंत. अशा कवींसाठी आधी प्रकाशकाला पत्र, प्रकाशकाने वारसांकडे बोट दाखवलं की वारसांना. एका घरात हक्क तीन भावंडांत वाटलेले. धाकट्याची सही मिळेपर्यंत छापखान्याचे फोन सुरू झाले. लेखी होकाराशिवाय मी एकही ओळ पुढे पाठवली नाही. समितीला तो हट्टीपणा वाटला, वाटो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला बहिणाबाईंनी. त्या डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ मध्ये. मरणोत्तर प्रकाशित लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात, म्हणजे २०१२ अखेर. ओव्या मोकळ्या. मी खूश. तेवढ्यात अध्यक्षांनी त्याच पुस्तकातली आचार्य अत्र्यांची प्रस्तावना पुढे सरकवली: "ही पण घ्या, अख्खी. पुस्तक एकच आहे ना?" पुस्तक एक, लेखक दोन. अत्रे गेले १३ जून १९६९ ला, त्यामुळे प्रस्तावना २०२९ संपेपर्यंत बांधलेली. एखाद-दुसरं वाक्य उद्धृत करणं निराळं, अख्खी छापणं निराळं. अध्यक्षांना हे पटवायला एक आख्खी बैठक गेली.

शेवटी प्रस्तावनेच्या जागी मीच दोन परिच्छेद लिहिले. अत्र्यांची सर त्यांना नाही, हे समितीतल्या प्रत्येकाने मला स्वतंत्रपणे सांगून झालंय.